ठराव झाला, मग जहाजं का वळली?

या सदरात एरवी वाटणीपत्र, भाडेकरार, सातबाऱ्यावरची नावं असलेच प्रश्न येतात. नाशिकच्या विद्यार्थ्यांना मी अनेक वर्षं आंतरराष्ट्रीय कायदा शिकवला, हे मागच्या अंकात ओघात लिहिलं आणि टपालाचा नूरच बदलला. त्यातली काही पत्रं निवडली आहेत. दोन पत्रांची भाषा मी जरा सौम्य केली आहे. पत्रलेखकांनी युनोला जे म्हटलं होतं ते छापण्यासारखं नव्हतं.

ताई, रामराम. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे, माल युरोपला जातो. २०२४च्या हंगामात एक्सपोर्टर म्हणाला, लाल समुद्रात येमेनचे हूथी बंडखोर जहाजांवर क्षेपणास्त्रं सोडतात, म्हणून कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाणार. भाडं वाढलं, दिवस वाढले आणि आमचा दर पाडला. युनोने तर ठराव केला होता असं ऐकलं. मग तो ठराव काय कामाचा? आणि आपलं नौदल काय बघत बसलं होतं? (द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका)

दादा, ठराव झाला होता हे खरं. क्रमांक २७२२, तारीख १० जानेवारी २०२४. सुरक्षा परिषदेतल्या १५ पैकी ११ देशांनी बाजूने मत दिलं. रशिया, चीन, अल्जीरिया आणि मोझांबिक तटस्थ राहिले. हल्ले थांबवा आणि ‘गॅलेक्सी लीडर’ हे पळवलेलं जहाज खलाशांसह सोडा, अशी त्यात मागणी होती. हे जहाज १९ नोव्हेंबर २०२३ रोजी पळवलं होतं. खलाशी सुटले जानेवारी २०२५ मध्ये, गाझात युद्धविराम झाल्यावर. म्हणजे ठरावानंतर वर्षभराने, आणि ठरावामुळे नव्हेच.

तुमचा कंटेनर वळवा असा हुकूम कोणत्याही सरकारने दिला नव्हता. तो वळवला जहाज कंपन्यांनी आणि त्यांच्या विमेवाल्यांनी. लाल समुद्रातून जायचं तर युद्धजोखमीचा विमा वेगळा भरावा लागतो. तो त्या काळात जहाजाच्या किमतीच्या एक टक्क्याच्या आसपास गेला. शंभर कोटींच्या जहाजाला एका फेरीचा कोटभर रुपये विमा! त्यापेक्षा केप ऑफ गुड होपचा वळसा परवडतो. फक्त त्यात दहा ते पंधरा दिवस जास्त जातात. ते दिवस जहाजाला चालतात, द्राक्षाला चालत नाहीत. देठ सुकून तपकिरी पडला की रॉटरडॅमचा खरेदीदार काय करतो, ते मी तुम्हाला सांगायला नको.

आता याची उलट बाजू बघा, ती तुमच्याच बागेत आहे. २०१० साल आठवतं का? माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं. त्या वर्षी आमच्याकडची माणसं रोज फोनला कान लावून बसलेली असायची. सीसीसी या औषधाचे अंश सापडले म्हणून युरोपात नाशिकचे कंटेनर अडकले होते. वेलीची वाढ रोखायला आपल्याकडे ते सर्रास मारलं जायचं, आणि निर्यातीआधीच्या तपासणीच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. तक्रार करायला कोर्ट नव्हतं, मध्ये पडायला युनो नव्हती. पण दोन-तीन हंगामांत सगळं शिस्तीत आलं. यादी वाढली, प्रयोगशाळा वाढल्या, ग्रेपनेट या सरकारी संकेतस्थळावरची प्लॉटची नोंद लोक गांभीर्याने घ्यायला लागले. युरोपचा एक शिपाईही निफाडला आलेला नाही. तरी खरड छाटणीनंतर काय मारायचं आणि काय नाही, हे तुम्ही त्यांच्या तक्त्यावरून ठरवता. माल घ्यायचा की परत पाठवायचा हे त्यांच्या हातात आहे आणि तुम्हाला तिथं विकायचं आहे, एवढंच त्याचं कारण.

हूथींचं असं काही कोणाच्या हातात नव्हतं. त्यांच्यावर शस्त्रबंदी २०१५ पासून होतीच, ठराव २२१६. ती पाळायला लावणारं कोणी नव्हतं आणि शस्त्रं येत राहिली. न्यूयॉर्कमध्ये कितीही हात वर झाले तरी येमेनच्या राजधानीत, सनामध्ये, कोणाचंही दुकान बंद पडणार नव्हतं.

आपल्या नौदलाबद्दल तुम्ही तिरकस लिहिलंय, ते मला पटलं नाही. ५ जानेवारी २०२४ रोजी ‘लीला नॉरफोक’ या जहाजावरून २१ खलाशी आपल्या कमांडोंनी सोडवले, त्यांत १५ भारतीय होते. जहाजावर झेंडा लायबेरियाचा. कायद्याने ते लायबेरियाचं जहाज, पण लायबेरियाचं आरमार तिथं येणार होतं का? मार्चमध्ये चाच्यांनी पळवलेल्या ‘रुएन’ या जहाजावर तर आपल्या विमानाने कमांडो आणि त्यांच्या होड्या भर समुद्रात पॅराशूटने उतरवल्या. किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर! ‘आयएनएस कोलकाता’ने ३५ चाचे धरून मुंबईला आणले. त्यांच्यावर खटला भरता आला, कारण संसदेने २०२२ साली सागरी चाचेगिरीविरोधी कायदा केला होता. समुद्री कायद्याचा १९८२चा करार म्हणतो की चाच्यांना कोणताही देश पकडू शकतो आणि स्वतःच्या कोर्टात उभं करू शकतो. त्या वाक्याला आपल्याकडे हातपाय फुटायला चाळीस वर्षं लागली.

पण हे सोमालियाचे चाचे. हूथींच्या क्षेपणास्त्रांपुढे नौदलाला तुमचं भाडं कमी करता आलं नाही, हेही खरं. पुढच्या हंगामात एक्सपोर्टरशी करार करताना वळशाचा वाढीव खर्च कोणी सोसायचा, हे लेखी घ्या. ‘दर नंतर बघू’ यावर सही करू नका.

बाई, मी नाशिकच्या कोर्टातून बेलीफ म्हणून निवृत्त झालो. कुलभूषण जाधव प्रकरणात आपण हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात जिंकलो, पेढे वाटले. मग माणूस अजून घरी का नाही? (नाशिक रोड)

भाऊसाहेब, हा प्रश्न तुम्ही विचारावा? हुकूमनामा हातात आला म्हणजे ताबा मिळाला असं नसतं, हे तुमच्याएवढं कोणाला ठाऊक! दिवाणी दावा जिंकलेला पक्षकार दरखास्त दाखल करतो, मग तुमच्यासारखा माणूस पोलीस बंदोबस्त घेऊन कुलूप तोडायला जातो. हेगच्या कोर्टाला बेलीफ नाही.

आधी निकाल काय आहे ते नीट वाचू, कारण पेढे वाटणाऱ्यांनी तो वाचला नव्हता. १७ जुलै २०१९, १५ विरुद्ध १. जाधवांना त्यांचे हक्क सांगितले नाहीत, भारतीय वकिलातीला भेटू दिलं नाही, म्हणून पाकिस्तानने १९६३च्या व्हिएन्ना कराराचा भंग केला. तेव्हा शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, आणि तोपर्यंत फाशी देऊ नका. सुटका करा असं कोर्टाने म्हटलेलं नाही. भारताने ते मागितलं होतं, कोर्टाने दिलं नाही.

आणि त्या कोर्टात आपण गेलो कसे, हा भाग मी वर्गात दोन तास घ्यायचे. हेगचं कोर्ट समन्स काढून कोणालाही ओढून आणू शकत नाही. दोन्ही देशांची संमती लागते. १० ऑगस्ट १९९९ रोजी कच्छच्या रणावर आपल्या मिग-२१ने पाकिस्तानी नौदलाचं ‘अटलांटिक’ विमान पाडलं, त्यात १६ जण गेले. पाकिस्तान हेगला धावला. तेव्हा आपण म्हणालो, राष्ट्रकुलातल्या देशांमधले तंटे आम्ही या कोर्टापुढे नेणार नाही असं आम्ही आधीच लिहून दिलं आहे. २१ जून २००० रोजी कोर्टाने १४ विरुद्ध २ मतांनी ते मान्य केलं आणि पाकिस्तानचा दावा दारातच संपला. जाधवांच्या वेळी आपणच अर्जदार झालो. आधार घेतला व्हिएन्ना कराराच्या एका जोडपत्राचा, ज्यावर दोन्ही देशांची सही आहे. पाकिस्तानला नाही म्हणता येईना. याला कोणी दुटप्पीपणा म्हणेल. मी त्याला बरी वकिली म्हणते.

मग बजावणीचं काय? युनोच्या सनदेचं कलम ९४ सांगतं, निकाल पाळला नाही तर सुरक्षा परिषदेकडे जा. निकाराग्वा १९८६ साली अमेरिकेविरुद्ध जिंकला आणि सुरक्षा परिषदेकडे गेला. तिथं अमेरिकेनेच नकाराधिकार वापरला. ज्याच्यावर दरखास्त, तोच बजावणी करणारा कोर्टाचा नाझर! पाकिस्तानला स्वतःचा नकाराधिकार नाही, पण त्याच्या पाठीशी असलेल्या चीनला आहे.

एवढं असून मी त्या निकालाला रद्दी म्हणणार नाही. १० एप्रिल २०१७ रोजी लष्करी कोर्टाने फाशी सुनावली होती. १८ मे २०१७ रोजी हेगने फाशीला स्थगिती दिली आणि त्या माणसाला अजून कोणी फासावर नेलेलं नाही. २ सप्टेंबर २०१९ रोजी आपला अधिकारी त्यांना भेटला. २०२१ साली पाकिस्तानला फेरविचारासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. तो फेरविचार खराखुरा आहे असं भारत मानत नाही आणि मलाही तसं वाटत नाही. जीव वाचला, माणूस सुटला नाही. सुटका झालीच तर ती दोन सरकारांच्या देवाणघेवाणीतून होईल.

मी आणि माझे वडील, दोघांचीही सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात झाली. मिग केले, सुखोई केली, आता तेजस बाहेर पडतंय. इंजिन मात्र अमेरिकेचं. उद्या त्यांनी हात आखडता घेतला तर आपण कोणत्या कोर्टात जायचं? (ओझर टाउनशिप)

कोणत्याच नाही. कंपनीने उशीर केला तर करारातल्या दंडाची भाषा करता येईल. पण तिच्या सरकारने ‘आमच्या सुरक्षेला बाधा येते’ म्हणून निर्यात थांबवली तर विषय संपला. जागतिक व्यापाराच्या नियमांत, गॅट कराराच्या कलम २१ मध्ये, ही पळवाट १९४७ पासून ठेवलेली आहे. २०१९ साली रशिया-युक्रेनच्या तंट्यात जागतिक व्यापार संघटनेच्या पंचांनी प्रथमच सांगितलं की ही सबब आम्ही तपासू शकतो. अमेरिकेला ते मान्य नाही. आणि डिसेंबर २०१९ पासून त्या संघटनेच्या अपील मंडळात निर्णय द्यायला पुरेसे सदस्यच नाहीत, कारण अमेरिकेने नेमणुका अडवून धरल्या.

तुम्ही ‘उद्या’ म्हणता, पण हे आपल्याबरोबर होऊन गेलंय. मे १९९८च्या अणुचाचण्यांनंतर तेजसच्या उड्डाण नियंत्रणावर अमेरिकेत काम करणाऱ्या आपल्या शास्त्रज्ञांना परत यावं लागलं. त्यांनी ते काम बेंगळुरूत पुरं केलं आणि ४ जानेवारी २००१ रोजी विमान उडालं. याच चाचण्यांचा सुरक्षा परिषदेने ६ जून १९९८ रोजी एकमताने निषेध केला होता, ठराव ११७२. तो ठराव आज कोणाला आठवत नाही. दहा वर्षांनी, सप्टेंबर २००८ मध्ये, त्याच बड्या देशांनी आपल्याला अणुइंधनाच्या व्यापारात खास सूट दिली. मधल्या काळात आपली बाजारपेठ मोठी झाली होती.

इंजिनाचं मात्र दुखणं खरं आहे. २०२१ साली ९९ इंजिनांचा करार झाला आणि त्यातलं पहिलं आलं मार्च २०२५ मध्ये. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरहून पहिलं तेजस उडालं तेव्हा तुमच्या टाउनशिपमध्ये लोक गच्च्यांवर चढले होते म्हणे. चढायलाच हवं होतं. पण १९८९ साली मंजूर झालेलं कावेरी इंजिन अजून तेजसला बसलेलं नाही. याचा दोष मी अमेरिकेला देणार नाही. इंजिनाची धातुविद्या ठरावाने मिळत नाही आणि विकतही पूर्ण मिळत नाही. त्यासाठी तीस-तीस वर्षं पैसा ओतत राहावा लागतो, अपयश आलं तरी. आपण मध्येच हात आखडला.

मॅडम, मी कॉलेज रोडच्या अभ्यासिकेत यूपीएससीची तयारी करते. भारताचं लिखित राष्ट्रीय सुरक्षा धोरण नाही असं शिकवतात. मग देश कशावर चालतो? आणि सुरक्षा परिषदेत कायम जागा मिळाली तर किती फरक पडेल?

बाळ, तुकड्या-तुकड्यांवर चालतो. अणुधोरण आहे, ४ जानेवारी २००३च्या सरकारी निवेदनात, आणि ‘प्रथम वापर नाही’ हे त्यातच आहे. राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९९८ची. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने आणि मग २००१ साली मंत्रिगटाने सुधारणा सुचवल्या; त्यातला संरक्षण दलप्रमुख प्रत्यक्षात आला १ जानेवारी २०२० रोजी. २०१८ साली एका समितीला धोरणाचा मसुदा करायला सांगितलं होतं. जाहीर कागद मात्र नाही. पाकिस्तानने जानेवारी २०२२ मध्ये स्वतःचा छापला, आणि त्याने तिथलं काही सुधारलेलं दिसत नाही. तरी आपण लिहावं असं माझं मत आहे. शत्रूला वाचायला देण्यासाठी नव्हे. भूदल, नौदल आणि वायुदल यांनी एकाच युद्धाची तयारी करावी म्हणून, आणि अर्थसंकल्पाच्या वेळी अर्थ मंत्रालयाला उत्तर द्यावं लागेल म्हणून.

कायम जागेचं गणित कठीण आहे. कलम १०८ प्रमाणे सनद बदलायला महासभेचं दोन तृतीयांश बहुमत हवं आणि तेवढ्याच देशांची मंजुरी, त्यात परिषदेचे पाचही कायम सदस्य आलेच पाहिजेत. युनोची ही परिषद आजवर एकदाच वाढली, १९६५ साली, ११ वरून १५. तीही अस्थायी जागांपुरती.

उत्तरपत्रिकेत हे लिही: हाफिज सईदचं नाव युनोच्या निर्बंध यादीत डिसेंबर २००८ मध्ये आलं. त्यानंतर कितीतरी वर्षं तो लाहोरमध्ये सभा घेत होता. जून २०१८ मध्ये दहशतवादाच्या पैशावर नजर ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय गटाने पाकिस्तानला करड्या, म्हणजे देखरेखीच्या, यादीत टाकलं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच पाकिस्तानच्या कोर्टाने त्याला दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल शिक्षा दिली. एफएटीएफला ना सैन्य, ना सनद, ना कोर्ट. पण तिच्या यादीमुळे जगातल्या बँका त्या देशाशी व्यवहार करताना दहा वेळा विचार करतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये पाकिस्तान त्या यादीतून बाहेर पडला. त्यानंतर तिथं काय ढिलं पडलं ते तू शोध, मुलाखतीला उपयोगी पडेल. युनोच्या निर्बंध यादीत मसूद अझहरचं नाव घालणं चीनने अडवलं होतं, तेही नकाराधिकाराने नव्हे. ती यादी ठरवणाऱ्या समितीत सगळ्यांची सहमती लागते, म्हणून १५ पैकी कोणताही सदस्य अडवू शकतो. क्लासच्या नोट्समध्ये हे हमखास चुकीचं असतं.

ताई, माझा मुलगा सैन्यात आहे. त्याची पलटण शांतिसेनेत दक्षिण सुदानला जाणार असं म्हणतो. तिथं आपल्या पोरांना गोळी चालवता येत नाही, असं शेजारचे सांगतात. त्याला काही झालं तर जबाबदार कोण? (एक आई, सिन्नर)

माउली, शेजाऱ्यांचं अर्धं खरं आहे. युद्ध करायला पाठवत नाहीत, पण स्वतःचा आणि छावणीत आसऱ्याला आलेल्या लोकांचा जीव वाचवायला गोळी चालवता येते; तिथल्या मोहिमेला तो अधिकार आहे. रोजचे आदेश युनोचा सेनाधिकारी देतो. शिस्त, शिक्षा आणि बढती आपल्याच सैन्याच्या कायद्याने. पगारही आपलं सरकारच देतं. युनो सरकारला दर जवानामागे महिन्याला चौदाशेच्या वर डॉलर भरून देते.

तुम्हाला खोटा धीर देणार नाही. डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण सुदानातल्या अकोबोच्या तळावर मोठा जमाव चालून आला आणि आसऱ्याला आलेल्या लोकांबरोबर आपले दोन जवान मारले गेले. शांतिसेनेत आजवर भारताची सुमारे १८० माणसं गेली आहेत, इतर कोणत्याही देशापेक्षा जास्त. पण हा आकडा पंचाहत्तर वर्षांचा आहे आणि या मोहिमांवर जाऊन आलेले दोन लाखांहून जास्त आहेत. मुलाच्या जागी मी असते तर गेले असते. आई म्हणून काय केलं असतं, ते सांगता येत नाही.

जबाबदार कोण, याचं एक उदाहरण देते. २००० साली सिएरा लिओनमध्ये कैलाहुन इथं आपले दोनशेहून अधिक जवान बंडखोरांनी सुमारे अडीच महिने वेढून ठेवले. न्यूयॉर्कमध्ये वाटाघाटी चालू होत्या. शेवटी जुलैमध्ये ‘ऑपरेशन खुकरी’ झालं. मोहीम युनोच्या नावाची, जनरल आपला, जवान आणि हल्ला करणारी हेलिकॉप्टर्स बहुतेक आपलीच, थोडी ब्रिटिशांची मदत. सगळे बाहेर आले. तेव्हा मुलासाठी भरवसा ठेवायचा तर दिल्लीवर ठेवा.

जाण्याआधी पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते, तिचं कार्ड पासपोर्टला लावून ठेवायला सांगा. नॉमिनीचे कागद, बँक खात्यावरचं नाव आणि लग्न झालं असेल तर सुनेचं नाव पलटणीच्या नोंदीत आहे ना, हे त्याच्याकडून आत्ताच तपासून घ्या. असे खेटे घालणाऱ्या बायका मी देवळाली कॅम्पात पाहिल्या आहेत. नाव चुकलेलं असलं की फार त्रास होतो.

८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद केली ती राष्ट्रीय सुरक्षेसाठी का? (लासलगाव)

नाही. अन्नटंचाई रोखण्यासाठी तात्पुरती निर्यातबंदी करायला व्यापाराच्या नियमांत वेगळी मुभा आहे, तिथं सुरक्षेचं नाव घ्यावंच लागत नाही. सरकारचं कारण होतं देशातला भाव. ती बंदी ४ मे २०२४ रोजी उठली, पण ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. तुमच्या पत्राची पुढची तीन पानं भावाबद्दल आहेत, ती मी संपादकांमार्फत शेतीच्या सदराकडे दिली आहेत. तिथं उत्तर आलं नाही तर मला पुन्हा लिहा. बाजार समितीच्या पावत्या मात्र मूळ पाठवू नका, झेरॉक्स पाठवा.